स्पर्धेच्या पोटी जन्मलेले यंत्रयुद्ध

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी युद्धासारखा विषय निवडला याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आपल्या चिटणीसांनाही ते वाटले. संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांच्या पंक्तीला हे तोफगोळे कशाला, असे त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले. त्यांना जे उत्तर दिले तेच आपणांस देतो. १९१४ साली युरोपात पेटलेल्या महायुद्धाने सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतील कर्ते पुरुष तैग्रिस नदीच्या काठी नेऊन ठेवले. त्यांतील अनेक परत आले नाहीत. जर्मनीशी किंवा तुर्कस्तानशी त्यांचे काही भांडण नव्हते. ते तेथे का गेले, हे त्यांच्या घरच्यांना कोणी नीट समजावून सांगितले नाही. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे माणूस थेट युरोपातील राष्ट्रांच्या स्पर्धेपर्यंत जाऊन पोहोचतो.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. बी. ए.ला इतिहास होता, पुढे वाचनाची आवड राहिली, एवढाच माझा अधिकार. बाकी आयुष्य केंद्र सरकारच्या सेवेत अंदाजपत्रके, मागणीपत्रे आणि मंजुरीची टिपणे यांत गेले. मात्र या नोकरीने मला एक सवय लावली. युद्धाचा इतिहास वाचताना माझे लक्ष सेनापतीच्या घोड्याकडे न जाता त्या घोड्याच्या चंदीची तरतूद कोणी केली, ती वेळेवर पोहोचली की नाही, याकडे जाते. या दृष्टीने पाहिल्यावर मला जे दिसले ते थोडक्यात असे, की आधुनिक यंत्रयुद्ध कोणा एका क्रूरकर्म्याने निर्माण केलेले नाही. महत्त्वाकांक्षा होत्या, सूडाच्या भावना होत्या, हे खरे. परंतु त्यांच्याही पलीकडे, शेजाऱ्याच्या धास्तीने टाकलेल्या आणि त्या त्या वेळी अगदी वाजवी वाटलेल्या शेकडो पावलांची ती बेरीज आहे.

या बेरजेचा आरंभ फार जुना आहे. युरोप हा एकछत्री प्रदेश कधीच नव्हता. लहानमोठी राज्ये एकमेकांना खेटून बसलेली, आणि एकाने नवे शस्त्र काढले की दुसऱ्याला ते आत्मसात करणे भाग. तोफा, तटबंद्या, कवायती फौजा हे सर्व अशाच चढाओढीतून वाढले. लढायला पैसा लागतो आणि राजाचा खजिना नेहमी रिता. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली ती फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी चाललेल्या युद्धासाठी सरकारला १२ लाख पौंड कर्ज देण्याकरिता. आज आपण ज्याला सार्वजनिक कर्ज म्हणतो त्या व्यवस्थेच्या मुळाशी ही अशी निकड आहे.

तोफेला दारू लागते आणि दारूला सोरा. प्लासीच्या लढाईनंतर बिहारच्या सोऱ्याचा मक्ता इंग्रज कंपनीच्या हाती गेला आणि फ्रान्सला सोऱ्याची चणचण भासू लागली. ती दूर करण्यासाठी १७७५ साली फ्रेंच सरकारने दारूखाना ज्या मंडळाकडे सोपविला त्यात लाव्हाझिए हा थोर रसायनशास्त्रज्ञ होता. शास्त्रज्ञाला सरकारने शस्त्रागारात बसविण्याचा हा एक आरंभीचा प्रसंग. सोऱ्याची ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली. चोहोबाजूंनी शत्रू चालून आले तेव्हा २३ ऑगस्ट १७९३ रोजी क्रांतिकारकांच्या राष्ट्रसभेने हुकूम काढला: तरुणांनी लढावे, विवाहितांनी शस्त्रे घडवावी, स्त्रियांनी तंबू शिवावे, मुलांनी जुन्या कापडाच्या पट्ट्या तयार कराव्या, आणि वृद्धांनी चौकांत बसून लोकांना धीर द्यावा. तोवर युद्ध हा राजांचा आणि पगारी शिपायांचा व्यवसाय होता. आता तो अख्ख्या समाजाचा झाला. याच फ्रान्सच्या भीतीने इंग्लंडच्या आरमाराला दरवर्षी जहाजांच्या शिडांसाठी सुमारे एक लाख लाकडी कप्प्या लागू लागल्या. मार्क ब्रुनेल याने पोर्टस्मथच्या गोदीत त्यासाठी यंत्रे बसविली. ११० कसबी कारागिरांचे काम त्या यंत्रांवर १० बिनकसबी माणसे करू लागली, आणि १८०८ साली १ लाख ३० हजार कप्प्या निघाल्या. एकसारखी वस्तू यंत्राने अगणित प्रमाणात काढण्याची कल्पना येथे प्रत्यक्षात आली. ती आली कापडासाठी वा भांड्यांसाठी नव्हे, तर युद्धनौकांसाठी.

आता पोलादाकडे वळू. १८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले. शांततेचा आणि व्यापाराचा तो उत्सव होता. तेथे एसेन गावच्या आल्फ्रेड क्रुप याने सुमारे दोन टन वजनाचा पोलादाचा एकसंध ठोकळा मांडला आणि शेजारी पोलादाचीच एक चकचकीत तोफ ठेवली. लोकांनी कौतुक केले, पण तोफेला गिऱ्हाईक मिळेना. मिळू लागले ते राष्ट्रांना एकमेकांची धास्ती वाटू लागल्यावर. क्रिमियाच्या युद्धात हेन्री बेसेमर याने नवा तोफगोळा सुचविला, तेव्हा जुन्या ओतीव लोखंडाच्या तोफेला तो झेपणार नाही असे त्याला सांगण्यात आले. म्हणून तो चांगल्या धातूच्या मागे लागला आणि १८५६ साली त्याने स्वस्त पोलादाची कृती जाहीर केली. रेल्वेचे रूळ, पूल, बोटी, सर्व काही त्या पोलादातून झाले. युद्धाची गरज कारखान्यात गेली, कारखान्याने संसार उभा केला, आणि तोच कारखाना पुढे युद्धाच्या कामी आला. हे चक्र येथून वेगाने फिरू लागले.

आपल्यापैकी अनेकांची बिऱ्हाडे बदलीच्या हुकुमामुळे रेल्वेच्या वाघिणीतून या शहरी आली. त्यामुळे रेल्वेचे महत्त्व या सभागृहात निराळे सांगावयास नको. प्रशियाच्या सेनापती मोल्टके याने ते इतरांच्या आधी ओळखले. १८६६ साली ऑस्ट्रियाविरुद्ध त्याने पाच रेल्वेमार्गांनी फौजा पुढे नेल्या. १८७० साली फ्रान्सशी जुंपली तेव्हा अठरा दिवसांत ४ लाख ६२ हजार सैनिक फ्रान्सच्या सरहद्दीवर पोहोचविले. फ्रेंच सैनिक शूर होते, त्यांची बंदूकही अधिक चांगली होती. परंतु त्यांच्या स्थानकांवर माणसे एकीकडे आणि सामान दुसरीकडे असा गोंधळ उडाला. १८ जानेवारी १८७१ रोजी फ्रेंच राजांच्याच व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. फ्रान्सला ५ अब्ज फ्रँक दंड भरावा लागला आणि अल्सेससह लोरेनचा बराचसा भाग गमवावा लागला.

यातून सर्व युरोपने एकच धडा घेतला: ज्याची जमवाजमव आधी पूर्ण होईल तो जिंकेल. सक्तीची लष्करी नोकरी, लाखोंचे राखीव सैन्य आणि मिनिटामिनिटाची रेल्वे वेळापत्रके हे सर्व प्रमुख राष्ट्रांचे शास्त्र बनले.

येथे एका कारकुनाची गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही. लोरेनच्या मातीत लोखंड विपुल होते, पण त्यात फॉस्फरस असल्याने बेसेमरच्या रीतीने त्याचे पोलाद नीट होत नसे. लंडनच्या पोलीस कोर्टात नोकरी करणारा सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा तरुण फावल्या वेळी रसायनशास्त्राचा अभ्यास करी. त्याने आपल्या रसायनज्ञ चुलतभावाच्या साहाय्याने भट्टीला निराळे अस्तर देऊन ही अडचण सोडविली. १८७९ साली त्याचा प्रयोग यशस्वी झाला. पस्तिशी गाठण्यापूर्वीच हा बिचारा वारला. त्याच्या शोधाचा सर्वांत मोठा लाभ त्याच्या देशाला न होता जर्मनीला झाला. १९१३ साली जर्मनीचे पोलाद सुमारे १७६ लाख टन होते, ब्रिटनचे ७७ लाख आणि फ्रान्सचे ४६ लाख. शोध लावणाऱ्याचा हेतू शोधाला बांधून ठेवू शकत नाही, हे या उदाहरणाइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

या बळाने एकीकडे तटांची रचना झाली. जर्मनी आणि ऑस्ट्रिया १८७९ मध्ये एकत्र आले, १८८२ साली इटली त्यांना मिळाली. त्याला उत्तर म्हणून १८९४ पर्यंत फ्रान्स-रशिया मैत्री पक्की झाली. फ्रेंच सावकारांच्या पैशातून रशियात रेल्वे पसरू लागली, आणि प्रत्येक नव्या रुळाबरोबर बर्लिनची झोप उडू लागली. दुसरीकडे शस्त्रे सुधारत होती. १८८४ साली फ्रेंच रसायनज्ञ व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली. त्याच सुमारास मॅक्झिमची मशिनगन आली. १८९७ साली फ्रेंचांनी ७५ मिलिमीटरची तोफ काढली. तिचा धक्का तिच्यातच जिरत असल्याने ती जागची हलत नसे आणि मिनिटाला पंधरा गोळे टाकू शके. मग तशीच तोफ जर्मनीला हवी, ऑस्ट्रियाला हवी. रशियाचा खजिना या शर्यतीला पुरेना. १८९९ साली झार निकोलस याच्या पुढाकाराने हेग येथे शांतता परिषद भरली, तिच्यामागे शांततेच्या प्रेमाइतकीच ही पैशाची ओढाताण होती.

त्या परिषदेच्या वेळी वॉर्सातील इव्हान ब्लोख या सावकाराचे नाव गाजत होते. हा रेल्वेच्या धंद्यात श्रीमंत झालेला गृहस्थ. लष्करी पोशाख त्याने कधी अंगावर चढविला नव्हता. त्याने भावी युद्धावर सहा खंडांचा ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे, की नव्या बंदुकांसमोर उघड्या मैदानात कोणी टिकणार नाही, सैनिक जमिनीत खंदक खणून बसतील, युद्ध वर्षानुवर्षे रेंगाळेल आणि त्याचा शेवट उपासमार, दिवाळे आणि राज्यक्रांती यांत होईल. सेनापतींनी या हिशेबी माणसाला फारसे गंभीरपणे घेतले नाही. पंधरा वर्षांनी त्याचे बहुतेक भाकीत खरे ठरले.

भूमीवर हे चालले असता समुद्रावर इंग्लंड-जर्मनीची चुरस लागली. जर्मनीने १८९८ आणि १९०० साली कायदे करून मोठे आरमार बांधावयास घेतले. बेटावर राहणाऱ्या आणि परदेशच्या धान्यावर जगणाऱ्या इंग्लंडला ते सहन होणे शक्य नव्हते. १० फेब्रुवारी १९०६ रोजी पोर्टस्मथला ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात सोडण्यात आली. दहा प्रचंड तोफा, वाफेच्या टर्बाइनचे इंजिन, आणि असा वेग की आधीच्या सर्व युद्धनौका एका दिवसात जुन्या ठरल्या. त्या जुन्यांत सर्वांत अधिक नौका इंग्लंडच्याच होत्या! जर्मनीला आता पहिल्यापासून बरोबरी करण्याची संधी मिळाली. १९०९ साली इंग्लंडच्या मंत्रिमंडळातील काटकसरवाद्यांनी चार नौका पुरेत म्हटले, आरमाराने सहा मागितल्या, आणि वृत्तपत्रांनी एवढा गदारोळ केला की तडजोड आठांवर झाली. अंदाजपत्रकाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना या तडजोडीचे मर्म कळेल. जर्मनीलाही मोठ्या नौकांसाठी कील कालवा रुंद करावा लागला. ते काम जून १९१४ मध्ये पुरे झाले.

वेग वाढविण्यासाठी इंग्लंडने कोळसा सोडून तेल वापरावयाचे ठरविले. पण कोळसा इंग्लंडच्या पोटात होता, तेल इराणात. म्हणून जून १९१४ मध्ये, सारायेव्होच्या हत्येला अवघे काही दिवस उरले असताना, ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे ५१ टक्के भाग २२ लाख पौंडांना घेण्यास संसदेची मंजुरी मिळविली. श्रोतेहो, हा कागद आपण नीट लक्षात ठेवावा. सातारच्या शेतकऱ्याच्या मुलाचे दैव याच कागदात लिहिले गेले होते.

२८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाचा सारायेव्होत खून झाला. एक महिना खलित्यांत गेला. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. यानंतरचे चार दिवस मला सर्व इतिहासात अत्यंत भयानक वाटतात, कारण त्यांत रक्तपातापेक्षा कार्यालयीन कामकाजच अधिक आहे. झारने केवळ ऑस्ट्रियाच्या सरहद्दीपुरती जमवाजमव करावी असे मनात आणले. त्याच्या सेनाधिकाऱ्यांनी सांगितले, की अर्धवट जमवाजमव केली तर पुढची संपूर्ण जमवाजमव विस्कटेल. ३० जुलैला त्याने संपूर्ण जमवाजमवीला संमती दिली. नात्याने भाऊ लागणारे झार आणि कैसर त्याच वेळी एकमेकांना शांततेच्या विनवण्या करणाऱ्या तारा पाठवीत होते! १ ऑगस्टला संध्याकाळी बर्लिनमध्ये अशी समजूत झाली, की फ्रान्सवर हल्ला न केल्यास इंग्लंड अलिप्त राहील. कैसर हरखला, सर्व फौज पूर्वेकडे रशियावर वळवा, असे त्याने सेनाप्रमुख धाकट्या मोल्टकेला सांगितले. मोल्टके उत्तरला की ते शक्य नाही. दहा लाखांहून अधिक सैन्य आणि ११ हजार गाड्या यांची व्यवस्था वर्षभराच्या श्रमाने लागते, ती ऐन वेळी बदलता येत नाही. इंग्लंडविषयीची ती समजूतही लवकरच खोटी ठरली. वेळापत्रक कायम राहिले. पुढील दोन आठवड्यांत कोलोनच्या ऱ्हाइन नदीवरील पुलावरून दर दहा मिनिटांस एक, याप्रमाणे २,१५० लष्करी गाड्या पश्चिमेकडे गेल्या.

या प्रसंगाला एक पुरवणी आहे. त्याच जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागातील जनरल स्टाब यांनी १९२५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध करून, आकडेवारीनिशी आणि नकाशांसह, असे दाखविले की सातांपैकी चार सेना १५ ऑगस्टपर्यंत पूर्वेकडे पोहोचविता आल्या असत्या. म्हणजे ‘शक्य नाही’ हे उत्तर हिशेब करून दिलेले नव्हते. तो हिशेब मागण्याची वेळच कोणी येऊ दिली नव्हती. कार्यालयात काम केलेल्या प्रत्येकाने हा प्रसंग मनाशी जपून ठेवण्यासारखा आहे. युद्ध टळले असतेच असे मी म्हणत नाही. पण राष्ट्राचा प्रमुख पर्याय विचारतो आणि यंत्रणेपाशी पर्यायच नसतो, तेव्हा राज्य कोणाचे चालते?

ब्लोखने वर्तविल्याप्रमाणे खंदक खणले गेले. मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथील लढाईत हिंदी सैनिकही होते. पहिल्या ३५ मिनिटांच्या भडिमारात, बोअर युद्धात एकंदर जेवढे तोफगोळे खर्ची पडले त्याहून अधिक उडाले, असे इतिहासकार सांगतात. इंग्लंडमध्ये तोफगोळ्यांचा दुष्काळ पडला, मंत्रिमंडळ बदलले आणि दारूगोळ्याचे स्वतंत्र खाते निर्माण होऊन लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. युद्धाचा निकाल आता कारखान्याच्या भोंग्यावर अवलंबून राहिला. इंग्लंडच्या लाखो स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत दाखल झाल्या. स्फोटक द्रव्यांच्या संसर्गाने त्यांची कातडी पिवळी पडे. १ जुलै १९१८ रोजी चिलवेल येथील कारखान्यात स्फोट होऊन १३४ माणसे दगावली. ते शिपाई नव्हते आणि ती जागा रणांगण नव्हती. पण ज्या युद्धात कारखाना हाच तोफेचा आरंभ, त्यात रणांगणाची सीमा कोठे आखणार?

आता सोऱ्याकडे परत येऊ. जर्मनी दारूसाठी आणि खतासाठी चिलीचा सोरा आणवीत असे. इंग्रज आरमाराच्या वेढ्यामुळे तो बंद झाला. काही महिन्यांतच जर्मनीच्या तोफा मुक्या व्हावयाच्या. परंतु हवेतील नत्रवायूपासून अमोनिया तयार करण्याची फ्रित्स हाबर यांची कृती कार्ल बॉश यांनी १९१३ साली ओपाऊच्या कारखान्यात उतरविली होती. त्याच अमोनियापासून दारूचे द्रव्य तयार होऊ लागले. याच हाबर यांच्या देखरेखीखाली २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे सुमारे १६८ टन क्लोरिन वायू फ्रेंच खंदकांवर सोडण्यात आला. विषारी वायूचे गोळे फेकावयाचे नाहीत असे हेग येथे ठरले होते. जर्मनांनी गोळे फेकले नाहीत, नळकांडी उघडून वायू वाऱ्यावर सोडला. नियमाचे अक्षर पाळून त्याचा आत्मा मारण्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. आणि तरीही, आज जगातील सुमारे निम्म्या लोकांचे अन्न हाबर यांच्याच कृतीने तयार झालेल्या खतावर पोसले जाते. आपल्या गावाकडच्या शेतात पडणाऱ्या युरियाचे मूळही तेच. विज्ञानाला दोष द्यावा तर घास तोंडात अडकतो, आणि गौरव करावा तर ईप्रचे ते गुदमरलेले सैनिक दिसतात.

हे सर्व ऐकून आपण म्हणाल, सातारा-रत्नागिरीची माणसे कोठे राहिली? तीच सांगतो. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच इराणातील त्या तेलाचे आणि बसऱ्याकडील ब्रिटिश हितसंबंधांचे रक्षण करण्यासाठी सहाव्या पुणे डिव्हिजनची तुकडी ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराकच्या मुखाशी फाओ येथे उतरली. पुढे उरलेली डिव्हिजनही गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तेलाचे रक्षण झाले. पण यशाने लोभ वाढला आणि फौजेला बगदादकडे पिटाळण्यात आले. युरोपात लढणाऱ्यांच्या पाठीशी कारखाने आणि रेल्वे होती. या फौजेपाशी नदीतल्या मोजक्या बोटी होत्या, आणि इस्पितळी बोटी नावापुरत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत हजारो जखमी झाले. ते मालवाहू तराफ्यांवर, उघड्यावर, मलमपट्टीवाचून कित्येक दिवसांनी बसऱ्याला पोहोचले. उरलेली फौज कुत या गावी अडकली. १४७ दिवस वेढा चालला. शिपाई अन्नावाचून झिजले. घोड्याचे मांस खाण्यास बहुतेक हिंदी सैनिक बराच काळ तयार होईनात, आणि भाजीपाल्याअभावी स्कर्व्हीने त्यांना गाठले. विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली. तसा प्रयत्न जगात तोवर झाला नव्हता. सुटका करण्यास निघालेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक मृत व जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. वाळवंटातून चालत नेलेल्या त्या कैद्यांपैकी हजारो परतले नाहीत.

पुढे चौकशी आयोग नेमला गेला. १९१७ च्या त्याच्या अहवालात वैद्यकीय व्यवस्थेची दुर्दशा आणि हिंदुस्थान सरकारची नको तेथील काटकसर उघडी पडली, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. यंत्रयुगाचे युद्ध पुकारणारे सरकार आपल्या शिपायांना त्या युगाची बोटही पुरवू शकले नव्हते. यंत्रयुद्धात मरण सर्वांना सारखे येते असे म्हणतात, पण तसे नाही. ज्यांचा त्या स्पर्धेशी काही संबंध नव्हता त्यांच्या वाट्याला तिची सर्वांत हलाखीची बाजू आली.

त्यांच्या स्मृतीचे काय झाले? बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचे नाव आणि पुढे मृतांचा आकडा. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने अहवाल प्रसिद्ध करून अशा असमान वागणुकीबद्दल क्षमा मागितली. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मरण पावले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावाचे ४६ जण त्यात होते; ते गाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते.

भगिनींनो आणि बंधूंनो, मला जे सांगावयाचे होते ते या आकड्यापाशी येऊन थांबते. स्पर्धेने युरोपातील राज्यांना मोजावयास शिकविले. कप्प्या, रूळ, टन, गाड्या, गोळे मोजता मोजता त्यांनी माणसेही त्याच वहीत मोजली. त्या वहीतील प्रत्येक नोंद बरोबर होती, प्रत्येक मंजुरी नियमानुसार होती, आणि प्रत्येक टिपणाखाली सही करणारा मनुष्य बहुधा आमच्यासारखाच घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेणारा होता. म्हणून युद्धाचा विचार केवळ सेनापतींवर आणि मुत्सद्द्यांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येत नाही. अणुबॉम्बच्या आणि दूरवरून नेम धरणाऱ्या यंत्रांच्या युगात तर नाहीच नाही. राष्ट्राला संरक्षण हवे, सैन्य हवे, कारखाने हवेत. याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण ‘दुसरा मार्ग नाही’ असे जेव्हा जेव्हा यंत्रणा सांगते तेव्हा तिला हिशेब मांडून दाखवावयास लावणारा कोणीतरी आत असला पाहिजे, आणि बाहेर तो मागणारे सुजाण नागरिक असले पाहिजेत.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबा-पणजोबांचे त्या युद्धातील पदक असेल. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या कागदांत, क्वचित देव्हाऱ्यातही. सुटीत गावी जाल तेव्हा ते बाहेर काढावे आणि भिंगाखाली त्याची कड पाहावी. तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली आढळेल. क्रमांक सरकारला हवा होता. नाव मात्र आपले आहे. ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, आणि तो मनुष्य कोठे, कशासाठी गेला होता हेही सांगावे.